राजमाचीवरची आडकाठी

आडकाठी हा शब्द आपल्या घरांतून बहुधा तक्रारीच्या सुरांतच ऐकूं येतो. मुलीनें परगांवीं शिकावयास जावें म्हटलें कीं आजोबांची आडकाठी. आजोबांनीं काशीयात्रेस निघावें म्हटलें कीं मुलांची आडकाठी. आणि कोणाचीच आडकाठी नसली, तर रजेची तरी असतेच. परंतु गेल्या पौषांत राजमाचीच्या पायथ्याशीं एक अशी आडकाठी आमच्या पाहण्यांत आली, कीं जिनें वाट अडविण्याऐवजीं मोकळी करून दिली. ती काठी वेळूची, दोन हात लांबीची आणि अगदीं साधी होती. तिची हकीकत आमच्या वाचकांच्या, विशेषतः ज्यांच्या घरीं डोंगराची आवड असलेलीं पण गुडघ्यांनीं दगा दिलेलीं वडील माणसें आहेत त्यांच्या, उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर ‘दादा’ याच नांवानें ओळखतात, त्यांनीं वयाची चौसष्ट वर्षें पुरीं केलीं आहेत. १९७४ सालच्या हिंवाळ्यांत आमच्या वडिलांनीं त्यांना लोणावळ्याहून पायीं राजमाचीस नेलें होतें. आम्ही त्या वेळीं फारच लहान, म्हणून रडूनही आमची वर्णी लागली नाहीं. त्या रात्रीं बापलेक उधेवाडींतील एका आंब्याखालीं घोंगडी अंथरून निजले. वडिलांनीं मृग, रोहिणी आणि व्याध बोटानें दाखविले, आणि दुसऱ्या दिवशीं कोंडाण्याच्या लेण्यावरून दोघे कर्जतास उतरले. वडील जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. पण पौष लागला आणि रात्रीं गच्चीवर गेलें कीं दादा मृगाकडे बोट करून तीच हकीकत सांगावयाचे. शेवटीं ‘एकदां पुन्हा त्या झाडाखालीं निजेन म्हणतों’ हें वाक्य यावयाचें, आणि वहिनींनीं ‘गुडघा काय म्हणतो तें आधीं त्याला विचारा’ असें म्हटलें कीं विषय संपावयाचा.

वहिनींचें म्हणणें वावगें नव्हतें. दादांच्या उजव्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली आहे. सपाटीवर ते तासन् तास चालतात, चढही सोसतात, पण उतार त्यांना जड जातो, आणि जमिनीवरून उठणें तर सर्वांत जड. डॉक्टरांनीं दोन्ही हातांत काठ्या घेऊन हळूहळू चालण्यास हरकत घेतली नाहीं. परंतु निजावयास पलंग आणि बसावयास खुर्ची हा नियम मोडूं नका, असें बजावून सांगितलें. आतां डोंगरावरील आंब्याखालीं पलंग कोठून आणावा?

हा प्रश्न सोडविण्याचा विडा बंडूनें उचलला. बंडू हा दादांचा धाकटा मुलगा, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत असलेला. त्यानें एके दिवशीं नायलॉनच्या पातळ पण चिवट कापडाचा तागा घरीं आणला आणि ‘बाबांसाठीं हॅमॉक शिवणार’ असें जाहीर केलें. हॅमॉक म्हणजे दोन झाडांच्या मध्यें टांगावयाची निजण्याची झोळी. मूळ शब्द वेस्ट इंडीज बेटांतील ताईनो लोकांचा. १४९२ सालीं कोलंबस तेथें उतरला तेव्हां त्यानें हीं जाळ्यांचीं अंथरुणें पाहिलीं, आणि पुढें युरोपच्या गलबतांवर खलाशांनीं तींच उचललीं. कारण गलबत कितीही डोललें तरी झोळी आपला तोल सांभाळते, आणि दिवसा गुंडाळून ठेवली कीं जागा मोकळी.

साध्या झोळींत एक खोड असते. तिचीं दोन्ही टोकें एकत्र गोळा केलेलीं असल्यामुळें आंतील माणूस केळ्यासारखा वांकतो, आणि दोन्ही बाजूंचें कापड खांद्यांना आवळतें. तिरपें निजलें तर ही वांक पुष्कळ कमी होते. परंतु दादांसारख्या गुडघा सरळ व आधारावर ठेवावयास पाहिजे असलेल्या माणसास तें सोयीचें नाहीं. यावर उपाय असा, कीं डोक्याकडे आणि पायांकडे एकेक आडवी काठी घालून कापड रुंद उघडावें. मात्र कापड चौकोनी कापून नुसत्या काठ्या घातल्या, तर बागेंतल्या दोरीच्या झोपाळ्यासारखें तें सपाट ताणतें, आणि कुशीवर वळलें कीं माणसाला खालीं टाकतें. म्हणून कापडाच्या दोन्ही लांब कडा आंतल्या बाजूस गोलाईनें कापून, त्या कडांत पट्टी शिवून, सगळा भार त्या कडांवर घ्यावयाचा. झुलत्या पुलाच्या दोन साखळ्यांवर जसा रस्ता टांगलेला असतो, तसा माणूस त्या दोन कडांच्या मध्यें टांगला जातो. अंग कडांच्या खालीं राहतें, म्हणून तोल जात नाहीं, आणि पाठ जवळजवळ पलंगावरच्या इतकी सरळ राहते.

ती गोलाई काढण्याची बंडूची रीत पाहून घरांतील सर्वांची करमणूक झाली. त्यानें झोपाळ्याची एक कडी-साखळी सोडविली, माजघराच्या भिंतीवर दोन खिळ्यांना तिचीं टोकें अडकविलीं, मागें कागद लावला, आणि साखळी आपोआप जेथें लोंबली तेथें पेन्सिलीनें रेघ ओढली. दोन टोकांना टांगलेली साखळी जो बांक घेते, त्याचें गणित १६९१ सालीं लाइब्निट्झ, हायगेन्स आणि योहान बर्नूली यांनीं सोडविलें. आमच्या घरीं तें माईंच्या जुन्या शिवणयंत्रावर दोन दुपारींत उतरलें.

आडव्या काठ्या कोठून आणावयाच्या, याचेंही उत्तर तयार होतें. दादांच्या हातांत दिवसभर चालावयाच्या दोन काठ्या असणारच. हल्लीं मिळणाऱ्या या ट्रेकिंगच्या काठ्या अॅल्युमिनियमच्या अगर कार्बनच्या धाग्यांच्या, पोकळ, दोन-तीन नळ्या एकींत एक सरकणाऱ्या, हव्या त्या लांबीला आवळतां येणाऱ्या अशा असतात. डोक्याकडे एक, नव्वद सेंटिमीटर लांबीला बसविलेली. पायांकडे दुसरी, थोडी आंखूड. दिवसा गुडघ्याचा आधार आणि रात्रीं पाठीचा! ओझें एका मासाचेंही वाढत नाहीं. ही युक्ति ऐकून आम्हीं बंडूची पाठ थोपटली, आणि माजघरांत झोपाळ्याच्या कड्यांना झोळी टांगून तो स्वतः तींत तासभर वाचीत पडला, तेव्हां वहिनींचीही आडकाठी संपली. ‘मीही येतें, म्हणजे माझा जीव टांगणीला नको,’ एवढीच त्यांची अट होती.

लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनें उधेवाडीपर्यंत सुमारें पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे. कोरड्या दिवसांत खडबडीत रस्त्यानें जीप जाते. निम्मी वाट जीपमधून आणि उरलेली पायीं, असा तोडगा आम्हीं काढला होता. वाट बहुतेक रानांतून, थोड्या चढउताराची. पौषांतलें ऊन कोवळें. गवत पिवळें पडलेलें. आणि दादा दोन काठ्यांच्या तालावर पुढें. शेवटीं एका वळणावर राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, शेजारीं शेजारीं बसलेल्या भावांसारखे समोर उभे राहिले, आणि दादा कांहीं न बोलतां थांबले.

या किल्ल्याचें स्थान मोठें मोक्याचें आहे. कोंकणांतील कल्याण, सोपारा यांसारख्या बंदरांतून बोरघाटानें देशावर चढणारा माल याच्या नजरेखालून जाई. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडीबरोबर हा प्रांत घेतला, तेव्हांपासून तो स्वराज्यांत आला. १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. पश्चिमेस उल्हास नदीचें खोल खोरें, उत्तरेस ढाकचा बहिरी, दक्षिणेस नागफणीचा सुळका, आणि हवा स्वच्छ असली तर माथेरानचें पठार दिसतें. दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडींत भैरवनाथाचें देऊळ, आणि पायथ्याशीं उधेवाडी. गांवांत घरोघर पाहुण्यांची जेवणाची व निजण्याची सोय होते. आम्ही ज्या घरीं उतरलों त्यांच्या परसांतच आंब्याचीं चार जुनीं झाडें होतीं. त्यांतलें दादांचें झाड कोणतें, हें ठरविण्यांत दादांचा अर्धा तास मोडला. शेवटीं त्यांनीं एकाच्या बुंध्यावर हात ठेवून ‘हेंच’ म्हटलें, आणि तें तेंच असावें असें आम्हांसही वाटूं लागलें.

घरधन्यांची परवानगी घेऊन बंडूनें त्या झाडापासून शेजारच्या जांभळीपर्यंत झोळी टांगली. सालीला काच पडूं नये म्हणून दोरीऐवजीं रुंद पट्टे वापरले. झाडें एकमेकांपासून बरींच दूर होतीं. पट्टे खांद्याच्या उंचीला बांधून त्यानें ते चांगले ताणून घेतले. रात्रीं पिठलें-भाकरी झाल्यावर दादा झोळीच्या कांठावर बसले, पाय वर घेतले आणि सरळ पडले. ‘पलंग कसला, ही तर पालखी!’ असें म्हणाले. व्याध वर येत होता. वहिनी घरांत गेल्या, आणि आम्ही ओट्यावर अंथरूण घातलें.

मध्यरात्रीच्या सुमारास कट्‌ असा आवाज झाला, आणि पाठोपाठ दादांची दबलेली हांक आली. आम्ही आणि बंडू धांवलों. डोक्याकडची काठी मधल्या सांध्यांत सरकून वांकली होती, आणि झोळी एखाद्या पोत्यासारखी मिटली होती. दादा आंत, हात अंगाशीं जखडलेले, आणि कापड तोंडावर. त्यांना बाहेर काढावयास फार तर अर्धें मिनिट लागलें असेल. पण त्या अर्ध्या मिनिटांत आम्हांस जें वाटलें तें लिहून दाखवितां यावयाचें नाहीं. झोळी गुडघ्याइतक्याच उंचीवर असल्यामुळें पडण्याची इजा झाली नाहीं. परंतु बाहेर येतांना उजवा गुडघा मुरगळला. दादा ओट्यावर बसून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. वहिनी दिवा घेऊन बाहेर आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरें झालें असतें; त्या कांहींच बोलल्या नाहींत. बंडू मान खालीं घालून वांकलेली काठी हातांत फिरवीत होता.

सकाळीं उजाडल्यावर परिस्थिति स्पष्ट झाली. दोन काठ्यांपैकीं एक निकामी. गुडघा थोडा सुजलेला. दुसऱ्या दिवशीं कोंडाण्याची उतरण उतरावयाची, ती दोन काठ्यांशिवाय दादांना शक्य नाहीं. ‘जीप बोलावूं आणि परत जाऊं,’ असें आम्हीं सुचविलें. दादा हो म्हणाले; पण तें ज्या स्वरांत म्हणाले, त्यावरून ते पुन्हा कधीं डोंगराचें नांव काढणार नाहींत हें आम्हांस कळून चुकलें. वय झाल्याची जाणीव माणसाला हळूहळू होत असेल असें आपण समजतों. पण बहुधा ती अशीच एखाद्या सकाळीं, एका वाक्यांत होते.

बंडू मात्र एका कोपऱ्यांत कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. तासाभरानें तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘काका, काठीचा दोष नाहीं, माझा आहे.’ त्यानें मांडलेला हिशेब सोपा करून देतों. झोळीचा पट्टा जमिनीशीं जितका सपाट, तितका त्यावरचा ताण अधिक. सत्तर किलोचा माणूस आंत असतां पट्टा तीस अंशांनीं वर चढत असेल, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर ताण सुमारें सत्तर किलोचा. तोच पट्टा पंधरा अंशांवर आला कीं ताण एकशें पस्तीस किलो. आतां काठीच्या दोन टोकांपासून निघणाऱ्या दोऱ्या पुढें एका कडींत मिळतात, आणि त्यांचा त्रिकोण होतो. या दोऱ्या काठीच्या दोन्ही टोकांना आंत ओढतात, म्हणजे काठीला दाबतात. दोऱ्या आंखूड, तर त्रिकोण पसरट आणि दाब मोठा. दोऱ्या लांब, तर त्रिकोण निमुळता आणि दाब लहान. बंडूनें नव्वद सेंटिमीटरच्या काठीला चौसष्ट सेंटिमीटरच्या दोऱ्या लावल्या होत्या. तेव्हां काठीवरचा दाब पट्ट्याच्या ताणाच्या निम्मा, म्हणजे अजमासें सदुसष्ट किलो झाला. जणूं दादांचें सगळें वजन त्या पोकळ नळीनें आडव्यानें पेललें!

‘मग घरीं कशी टिकली?’ असें आम्हीं विचारलें. त्याचेंही उत्तर कागदावर होतें. घरीं झोपाळ्याच्या कड्या उंच आढ्याला; पट्टा साठ अंशांनीं उभा; आणि आंत बावन्न किलोचा बंडू. तेथें काठीवर दाब अवघा पंधरा किलो पडला होता. परीक्षा झाली होती खरी, पण सोप्या प्रश्नपत्रिकेची.

दुसरें कारण काठीच्या घडणींत होतें. लांब व बारीक काठी दोन्ही टोकांकडून दाबली असतां चुरडत नाहीं. ती एकाएकीं कुशीला वांकते. हा नियम अठराव्या शतकांत ऑयलर या गणित्यानें सांगितला: काठीची लांबी दुप्पट केली कीं तिची दाब सोसण्याची शक्ति चौथाईवर येते. त्यांतून सरकत्या नळ्यांचा सांधा हा तिचा नाजूक भाग. कांहीं काठ्यांचा सांधा पिळून आवळावयाचा असतो, कांहींचा बाहेरच्या खटक्यानें. पिळाचा सांधा थंडीनें, धुळीनें अगर आळसानें सैल राहिला, तर चालतांना कळत नाहीं. पण अखंड दाबाखालीं तो हळूहळू सरकतो. आमची काठी अॅल्युमिनियमची होती म्हणून वांकली; कार्बनची असती तर कडकन मोडून तिच्या फांट्यांनीं कापड फाडलें असतें.

हें सर्व ऐकून घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘हिशेब छान आहे, पण काठी सरळ झाली का?’ याला उत्तर नव्हतें.

उत्तर मिळालें तें घराच्या मागल्या पडवींत. घरधन्यांची चार महिन्यांची नात तेथें लुगड्याच्या झोळींत निजली होती, आणि तिची पणजी एका पायानें दोरी हलवीत तांदूळ निवडीत होती. वहिनी सहज जाऊन बसल्या, आणि थोड्या वेळानें त्यांनीं आम्हां सर्वांना हांक मारली. झोळीच्या वरच्या बाजूस, बाळाच्या डोक्यावर, कापडाच्या दोन पदरांच्या मध्यें एक आंखूड, जाड काठी आडवी बसविली होती. दोन्ही टोकांना खांचा पाडून कापड तींत दोरीनें आवळलेलें. म्हातारीबाई म्हणाल्या, ‘काठी मधीं घातल्याबिगर झोळी मिटती बाई. पोराच्या तोंडावर कापड येतं. माझ्या सासूनं हीच काठी लावली व्हती.’

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. आदल्या रात्रीं दादांवर जो प्रसंग आला, तो टाळण्याचा उपाय या पडवींत तीन पिढ्या टांगलेला होता! पुढें आमच्या वाचण्यांत आलें, कीं इंग्रज आरमारांतले खलाशीही आपल्या झोळीच्या डोक्याकडील दोऱ्यांत अशीच खांचा पाडलेली लाकडी काठी अडकवीत. पण ती विद्या आमच्या घरींही होतीच. बंडूलाही असल्याच झोळींत वाढविलें, हें वहिनींना तेथें बसल्यावर आठवलें. ‘मीच लाटणें लावीत असें,’ त्या म्हणाल्या, ‘आणि काल मला सुचूं नये!’

मग कामाला वेग आला. घरधन्यांनीं माळ्यावरून जून, वाळलेला, जवळजवळ भरीव असा वेळू काढून दिला. म्हातारीबाईंनीं बसल्या जागेवरून सूचना केल्या: टोंक पेऱ्याजवळ तोडा, म्हणजे चिरणार नाहीं, खांच पेऱ्याच्या बाहेर पाडा, आणि खांचेखालीं सुतळी गुंडाळा. एक काठी दोन हातांची, दुसरी दीड हाताची. बंडूनें त्रिकोणाच्या दोऱ्या नव्वद सेंटिमीटरच्या केल्या, म्हणजे काठी आणि दोन दोऱ्या मिळून तिन्ही बाजू सारख्या. आणि दोन्ही झाडांवर पट्टे डोक्याच्याही वर नेऊन तीस अंशांचा चढ साधला. हिशेबानें काठीवरचा दाब सदुसष्टांवरून विसावर आला. मग कागदावर विश्वास न ठेवतां त्यानें झोळींत दादांच्या वजनाहून अधिक तांदुळाच्या गोणी भरल्या, आणि त्या दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत तशाच राहूं दिल्या. काठी हूं की चूं करीना.

त्या दिवशीं दादा गुडघ्याला पट्टी बांधून परसांतच बसले. दुसरी, शाबूत असलेली ट्रेकिंगची काठी आणि घरधन्यांनीं तासून दिलेली एक वेळूची काठी घेऊन त्यांनीं अंगणांत फेऱ्या घातल्या. उतरणीचा निर्णय वहिनींवर सोंपविला होता. रात्रीं झोळींत निजावयाचें कीं नाहीं, हेंही त्यांनींच ठरवावयाचें. त्या आधीं स्वतः झोळींत निजल्या, दोन्ही कुशींवर वळून पाहिल्या, आणि उठून म्हणाल्या, ‘निजा.’

ती रात्र आम्ही विसरणार नाहीं. झोळींत पाठीखालून वारा लागतो, कारण अंगाखालीं दबलेलें पांघरूण ऊब धरीत नाहीं. म्हणून आम्हीं झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास, एक घोंगडी सैलसर टांगली. दादा वर पाहत पडले होते. आंब्याच्या एका फटींतून मृग सरकत गेला. पलीकडे खोऱ्याच्या दुसऱ्या कांठावर बोरघाटांतून गाडीचे दिवे एका बोगद्यांतून निघून दुसऱ्यांत शिरत होते. १८६३ सालीं हा लोहमार्ग खुला झाला, त्यापूर्वीं या खोऱ्यांत रात्रीं तारे आणि वणवे यांवांचून उजेड नसे. बऱ्याच वेळानें दादा म्हणाले, ‘वडिलांनीं मला त्या रात्रीं एक गोष्ट सांगितली नव्हती. त्यांचा गुडघाही दुखत असे. मला तें आज कळलें. ते सकाळीं झाडाला धरून उठले होते.’ त्यावर आम्हीं कांहीं बोलण्यासारखें नव्हतें. सकाळीं जाग आली तेव्हां दादा झोळीच्या कांठावर, पाय जमिनीला टेकून, पलंगावर बसावें तसे बसले होते, आणि हंसत होते. जमिनीवरून उठण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

सूज ओसरली होती. वहिनींनीं गुडघा चांचपून पाहिला, वेळूची काठी स्वतः जमिनीवर आपटून पाहिली, आणि उतरावयास परवानगी दिली. जीपला नकार कळविला. कोंडाण्याची उतरण झाडीची आणि बरीच उभी आहे. आम्ही पुढें, बंडू मागें, मध्यें दादा, असे उतरलों. जेथें तरुण मंडळी तास-दीड तासांत जातात, तेथें आम्हांस साडेतीन तास लागले. पण घाई कोणालाच नव्हती.

कोंडाणें येथें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलें बौद्ध लेणें आहे. चैत्याचे खांब खालून झिजले-तुटले आहेत. पण दर्शनी भागावरच्या कमानी, तुळया आणि नाचणाऱ्या जोडप्यांचीं शिल्पें अजूनही मनाला थांबवितात. लाकडी घरें बांधणाऱ्या कारागिरांनीं आपली सगळी सुतारकामाची रीत जशीच्या तशी दगडांत उतरविली आहे. दगडाला ज्यांची गरज नाहीं असे लांकडी वासेही त्यांनीं दगडांत कोरले. जवळच एका भंगलेल्या मूर्तीच्या डोक्यापाशीं ब्राह्मी अक्षरांत लेख आहे. त्याचा अर्थ एवढाच, कीं कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. दोन हजार वर्षें टिकणारें काम करून त्या माणसानें आपल्या नांवाच्या आधीं गुरूचें नांव घातलें. दादांनीं लेखासमोर उभें राहून दोन्ही काठ्या एका हातांत घेतल्या. बंडू म्हणाला, ‘काका, झोळीच्या काठीवर त्या आजींचें नांव कोरलें पाहिजे.’ त्यांचें नांव विचारावयाचें मात्र आम्हां सर्वांच्याच राहून गेलें होतें. परत गेलों कीं पहिलें काम तेंच.

आतां ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार शब्द. ट्रेकिंगच्या काठ्या आडव्या लावून झोळी टांगतां येते, हें खरें; अनेक लोक तशी टांगतात. परंतु काठी शक्य तितकी आंखूड ठेवावी, सांधा खटक्याचा असावा आणि निजण्यापूर्वीं तो पुन्हा तपासावा. त्रिकोणाच्या दोऱ्या काठीच्या लांबीहून कमी नसाव्यात. पट्ट्याला तीस अंशांचा चढ द्यावा. झाडें दूर असलीं तर पट्टा वर बांधावा, ताणून सपाट करूं नये. झाड जिवंत व जाड असावें, वर वाळकी फांदी नसावी, आणि ज्याचें झाड त्याची परवानगी घ्यावी. निजणाऱ्याच्या वजनाहून अधिक ओझें कांहीं तास ठेवून पाहावें. आणि ज्याचें दिवसाचें चालणें त्या काठ्यांवर अवलंबून आहे, त्याच्या काठ्या रात्रीं आडव्या लावूंच नयेत. एकाच वस्तूवर दोन कामें सोंपविलीं म्हणजे ओझें हलकें होतें, हें बरोबर. पण ती वस्तु मोडली म्हणजे दोन्ही कामें एकदमच मोडतात. तरुणाला तें परवडतें.

घरीं आल्यावर वांकलेली काठी वहिनींनीं टाकूं दिली नाहीं. ती आतां परसांत दोडक्याच्या वेलाला आधार देत आहे. दोन हातांची वेळूकाठी झोळींत गुंडाळून दादांच्या खाटेखालीं ठेवली आहे, कारण पुढच्या पौषांत कोठें जावयाचें याचा विचार त्यांनीं आतांच आरंभला आहे. दीड हाताची काठी मात्र वहिनींनीं मागून घेतली, घासून गुळगुळीत केली आणि कपाटांत जपून ठेवली. आमची पुतणी चैत्रांत बाळंतपणाला माहेरीं यावयाची आहे.